दाढीवालं वऱ्हाड

श्रावणच्या साखरपुड्याच्या सकाळी रोहण्यात त्याच्या वडिलांची, बाबारावांची सगळी भाऊकी ओट्यावर ओळीनं बसली आणि डोमाजी न्हाव्यानं सगळ्यांच्या दाढ्या केल्या. वस्तरा एक, वाटीतलं पाणी एक, पुसायचा पंचाही एकच. रीतच होती तशी. वेगळा पंचा मागणारा म्हणजे भाऊकी तोडणारा! आठवडा उलटायच्या आत सगळ्यांच्या हनुवट्यांवर केसतुडं उठली. सगळ्यांत दांडगी नवरदेवाला.

आर्वीच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "फोडायची नाहीत. गरम पाण्यानं शेका. पुरती बरी होईपर्यंत दाढी नको. नंतरही वस्तरा उकळून घ्या, पंचा ज्याचा त्यानं वापरा."

लग्न तर तोंडावर आलेलं! दाढी वाढवतो तो सुतकातला माणूस. दाढीवाला नवरदेव कुणी पाहिलाय? होणाऱ्या नवरीला, सुलोचनेला, श्रावणनं एकदाच ओझरतं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. हे थोबाड पाहून तिनं तोंड फिरवलं तर?

लग्नाच्या दिवशी नवरीच्या गावी, कारंज्याच्या वेशीवर बैलगाड्यांतून एकामागून एक दाढीवाले उतरले, तसे मुलीचे वडील किसनराव पांढरेफटक पडले.

"कोन गेलं जी?"

"कोनी नाई गेलं, व्याही!" बाबाराव म्हणाले. "डोमाजीचा वस्तरा फिरला सगळ्याइच्या तोंडावरून!"

किसनराव हसले, पण मांडवातल्या बायका कुजबुजतच राहिल्या. अंतरपाटाआड श्रावण घामाघूम झाला होता. अंतरपाट सरला. सुलोचनेनं मान वर केली, बाशिंगाखालची दाढी पाहिली, मागे उभी असलेली सगळी दाढीवाली फौज पाहिली आणि तिला हसूच आवरेना. हार हातात तसाच. मग मांडवच हसला, आणि श्रावणला इतका आनंद झाला की हार घालायचं तोही विसरला.

घरी आल्यावर तिनं त्याचा शेक एकदाही चुकवला नाही. हनुवटी स्वच्छ झाली तसा डोमाजी आला. वस्तरा आता तो चुलीवर सगळ्यांदेखत उकळायचा. श्रावणच्या गळ्यात त्याचा स्वतःचा कोरा पंचा होता. अर्धी दाढी उतरली, तोच दारातून नव्या नवरीचा आवाज आला. नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं कसं? म्हणून ती डोमाजीलाच म्हणाली,

"डोमाजीबाबा, दाढीच बरी दिसे जी!"

डोमाजीचा हात थांबला. श्रावणनं तिच्याकडे पाहिलं. पदर तोंडाला लावून ती पुन्हा तशीच हसत होती.

"मंग राहू दे, डोमाजी," तो म्हणाला. "अर्धी तशीच राहू दे."