ओटीपी कोणाच्या फोनवर

मानोऱ्याच्या बसस्टँडमागे साधनाचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. दाखले, शिष्यवृत्ती, पीकविमा, पॅन कार्ड, जे म्हणाल ते. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि साधनाची नजर. त्यात दिवसभर न थकता चालायची ती नजरच.

दिवाळीआधी ती वाशीमला एका दिवसाच्या शिबिराला गेली आणि दोन गोष्टी शिकून आली. माणसांचं काम मोजायचं आणि गिऱ्हाइकांची माहिती जपायची. झालं, दुसऱ्या दिवशी भिंतीवर फळा लागला, दारावर कॅमेरा बसला, पेनड्राइव्हला बंदी आली आणि पासवर्ड दर सोमवारी बदलू लागला. तो नवा पासवर्ड साधना स्वतःच दोनदा विसरली, पण नियम म्हणजे नियम. कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन टेबलाच्या खणात ठेवायचे, असाही नियम निघाला. सूट फक्त दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या राजपालला. तो म्हणाला, "ताई, ओटीपी येते ना," आणि साधनाला ते पटलं. कोणाचा ओटीपी, हे काही तिनं विचारलं नाही.

फळ्यावर रोज संध्याकाळी भरलेल्या फॉर्मचे दोन आकडे पडायचे. राजपाल अडतीस, सुकेशनी चौदा. राजपाल चाळीस, सुकेशनी बारा.

सुकेशनी चार वर्षांपासून कामाला होती. आळशी म्हणावी तर पाणी प्यायलासुद्धा उठत नसे. पण तांड्यावरून एखादा म्हातारा आला, की पहिला प्रश्न, "बाबा, फोन कुठं हाये तुमचा?" फोन घरी असला की आणायला पाठवायची. फोन ऊस तोडायला गेलेल्या पोराकडे असला, की केंद्राच्या फोनवरून त्याला लावत बसायची. तो फडातून कधी उचलणार, आलेले आकडे कधी वाचून सांगणार, आणि तोवर मागे सात माणसं ताटकळलेली. राजपालकडे ही भानगडच नव्हती. "फोन नाई? असू द्या काका, बसा," म्हणायचा, आणि पाच मिनिटांत पावती हातात. लोक त्याच्यावर खूश, साधनाही खूश.

"तू राजपालसारखं काहून करत नाईस?" साधनानं एकदा विचारलं.

"ज्याचा फॉर्म त्याचाच नंबर पायजे, ताई."

"इथं लोकं उभे हायेत अन् तू मले ग्यान शिकवतं?"

डिसेंबर संपता संपता साधनानं तिला एक तारखेपासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिला दुसरा राजपाल हवा होता.

"मी कामचुकार नाई, ताई," सुकेशनी एवढंच म्हणाली.

"तसं कोण म्हणते? फळा दिसून राह्यला ना." हे बोलताना साधनाला वाईट वाटलं, पण आकडे तिच्या बाजूचे होते. आकडे बाजूला असले की वाईट वाटणं लवकर आवरतं.

संक्रांत झाली आणि राजपालनंही काम सोडलं. पोहरादेवीच्या रस्त्यावर त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. साधना सावध बाई. तिनं त्याची बॅग पाहिली, कॅमेऱ्याचं आठ दिवसांचं चित्रण पाहिलं, पासवर्ड बदलला. चिटोराही गेला नव्हता. राजपाल बिचारा हसतमुखानं सगळं दाखवून, पाया पडून गेला. शिबिराचे पैसे वसूल झाले, असं तिला वाटलं.

मग गर्दी आटली. आठवडाभर तिनं कारणं शोधली, थंडी, लग्नसराई, नेट. शेवटी तांड्यावरची भुरीबाई आली. विम्याच्या अर्जात गट नंबर चुकला होता, तो दुरुस्त करायचा होता. साधनानं खातं उघडलं, ओटीपी मागवला आणि हात पुढे केला.

"फोन दे, भुरीबाई."

"माह्यापाशी कुठचा फोन? पोरानं नेला फडावर."

"मंग हा नंबर कोणाचा टाकला?"

"राजपालचा. मीच म्हनलं त्याले, तुहाच टाक बापू. आमचं सिम तं दर साली बदलते."

साधनानं जुन्या अर्जांच्या पावत्या काढल्या. एक पाहिली, दहा पाहिल्या, मग पुढची जाड फाइलच उपसली. राजपालच्या हातचा जो अर्ज पाहावा त्यावर तोच एक नंबर. नंबर बदलायचा म्हटलं तरी ओटीपी आधी जुन्याच नंबरवर जाणार. दिवाळीपासूनची गिऱ्हाइकं खिशातल्या एका सिममध्ये घालून तो तिच्या कॅमेऱ्यासमोरून गेला होता. हे केंद्र बसलं, तर तिला दुसरं काही येत नव्हतं.

तिनं राजपालला फोन लावला. तो ना चिडला, ना लपवाछपवी केली.

"चोरी नाई केली, ताई. लोकं म्हनत, तुहाच टाक. अन् तुमी रोज मोजत होत्या. एकेकाच्या फोनची वाट पाहली असती तं माहे बी चौदाच झाले असते. पाठवा भुरीबाईले इकडं, करून देतो."

साधनाला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण तो खरं बोलत होता.

संध्याकाळी ती सुकेशनीच्या घरी गेली. सुकेशनी दारात तूर पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी आणलं. साधनानं आढेवेढे घेतले नाहीत.

"माही चूक झाली. सोमवारपासून ये. फॉर्म मोजनार नाई."

"सोमवारपासून मी राजपालच्या दुकानात चालली, ताई. कालच हो म्हनलं."

"त्याच्याकडं? त्यानं काय केलं मालूम हाये ना तुले?"

"त्यानंच सांगतलं. समद्याईचे ओटीपी रातंदिवस त्याच्याच फोनवर येतात. जेवू देत नाईत. मी अट घातली, पयले ज्याच्या फॉर्मले त्याचाच नंबर लावाचा, मंगच दुसरं काम. किती दिवस लागतीन, विचारलं मी. तो म्हने, लागू दे."

"अन् मंग लोकं?"

"मंग लोकं मोकये. त्याच्याकडं जातीन नाईतं तुमच्याकडं येतीन. ज्याची त्याची मर्जी." सुकेशनीनं सूप पुन्हा हातात घेतलं. "भुरीबाईले सोमवारी पाठवा. पोराले म्हना, फोन जवळ ठेव."

चार वर्षं आपल्यासमोर बसलेल्या माणसाला आपण पाहिलंच नाही, हे साधनाला त्या दारात कळलं. तिनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी भुरीबाई केंद्र उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसली होती. साधनानं शटर उघडलं आणि उभ्या उभ्याच तिला सांगितलं, "सोमवारी राजपालच्या दुकानात जा. सुकेशनीपाशी बस. दुसऱ्यापाशी नोको बसू."

"काहून? तुह्यापाशी होत नाई?"

साधनानं आत दोन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"नाई होत," ती म्हणाली.