नुसत्या प्रश्नांचा गट

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली की त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्साही आता घरी बसल्या असतील. पण आमच्या इमारतीत त्यांना अजून मेट्रनबाईच म्हणतात, आणि तसंच म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते. नाकावर माशी बसू देत नाहीत. लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीवाल्याच्या शेजारी उभ्या राहून त्याला घाम फोडतात. घरात एकट्याच. भाची परदेशात असते. ती फोनवर "औषध घेतलंस ना मावशी?" एवढं विचारते तोवर तिची घाई सुरू झालेली असते, म्हणून बाई तिच्या आधीच फोन ठेवतात. आपण आधी ठेवला म्हणजे समोरच्यानं ठेवला असं होत नाही.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करणारी एक संस्था इमारतीत आली, तेव्हा बाईंनी नाव दिलं ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, विज्ञानाला हातभार म्हणून. खरं सांगायचं तर त्यांना आपलं दार वाजायला हवं होतं. संस्थेनं चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट केले. एका गटाकडे दर बुधवारी एक सोबती येऊन तासभर गप्पा मारणार. दुसऱ्या गटाकडे कुणी येणार नाही. तीन-तीन महिन्यांनी एक मुलगी दोन्ही गटांना तेच ते प्रश्न विचारणार आणि गप्पांनी माणसाला काही फरक पडतो का ते संस्था बघणार. खालच्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांच्या वाट्याला सोबती आला. बाईंच्या वाट्याला नुसते प्रश्न.

"वाईट वाटून घेऊ नका हं आजी," मुलगी म्हणाली.

"आजी कुणाची? मेट्रन म्हण."

"मेट्रन. तुमचा गट तितकाच महत्त्वाचा आहे. तुमच्याशी ताडून बघितल्याशिवाय त्यांना फरक पडला हे कळणार कसं?"

"म्हणजे मी तराजूतलं वजन. माल दुसऱ्या पारड्यात."

मुलगी हसली, पण चहा काही तिनं घेतला नाही. चहाला बसलं की ती भेट होते, आणि या गटाला भेट चालत नाही. बाईंनी दोन कप मांडले होते, त्यातला एक मुकाट्यानं आत नेऊन ठेवला. नियमाबद्दल त्या काय बोलणार? भेटीची वेळ संपली म्हणून नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढण्यात त्यांचा जन्म गेलेला.

प्रश्न सोपे होते. "गेल्या काही दिवसांत एकटं वाटलं का? कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, की नेहमी?"

"कधीच नाही."

मला बाईंचा राग येतो तो इथे. 'बरं आहे हो, काही होत नाही' म्हणणाऱ्या पेशंटकडे आधी बघायचं, हे शिकाऊ मुलींना ओरडून ओरडून शिकवलं कुणी? यांनीच. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान! दर वेळी मुलगी विचारायची, दर वेळी बाई मान ताठ करून 'कधीच नाही' म्हणायच्या. मुलगी कागदावर खूण करून निघून गेली की बाई उठून ती बसली होती त्या खुर्चीत जाऊन बसायच्या. खुर्चीला अजून थोडी ऊब असायची.

तिकडे मास्तर पार बदलून गेले. बायको गेल्यापासून हा माणूस चुरगळलेल्या शर्टात दिवस काढायचा. आता मंगळवारीच दाढी करून ठेवायचा. शिलाई मशीन पुन्हा चालू झालं, सोबत्याच्या पँटी आखूड झाल्या. जिन्यात भेटले की मास्तर बोलत सुटायचे, सोबती असं म्हणाला, मग मी त्याला तसं म्हणालो. बाई "हो का" म्हणून वर यायच्या आणि घरात नुसता जळफळाट करायच्या. त्यांना मास्तरांचा हेवा वाटत होता, आणि त्या हेव्याची लाजही वाटत होती.

मग एका संध्याकाळी मास्तर वर आले. बाहेरच उभे राहिले.

"मेट्रनबाई, उसवलेलं वगैरे काही असलं तर द्या."

"मास्तर, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय झालं?"

"सोबती म्हणाला, बहुतेक बंद करणार सगळं. दोन्ही गट सारखेच निघतायत. ज्यांच्याकडे कुणी जात नाही तेही म्हणे मजेत आहेत. मग खर्च कशाला, असं संस्थेतले वरचे लोक म्हणतायत. आता शेवटचे प्रश्न तेवढे राहिलेत."

"मग?"

"मग काही नाही. खोटं बोला असं मी म्हणत नाही हो. तुम्हाला कसला आलाय एकटेपणा!" मास्तरांनी कठड्यावरून हात फिरवला. "पण बुधवार गेला ना, तर मला सकाळी उठायला काही कारण राहणार नाही. एवढंच."

ते गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं. आपण ताठ मानेनं जे सांगत आलो, त्यानं खालच्या माणसाचा बुधवार जाणार होता. एकीच्या उत्तरानं एवढ्या मोठ्या अभ्यासाचं काही बिघडत नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी, त्या गटात आणखी किती मेट्रनबाई बसल्या होत्या कोण जाणे.

मुलगी आली. तिनं विचारलं, "एकटं वाटलं का? कधीच नाही, क्वचित—"

"नेहमी."

मुलीचं पेन थांबलं. "मागच्या वेळी तुम्ही 'कधीच नाही' म्हणाला होतात. मधे काही झालं का?"

"काही झालं नाही. तेव्हाही नेहमीच वाटायचं." बाईंचा आवाज चिरकला. त्यांनी खाकरून बघितलं, पण तो जागेवर येईना. "मी सकाळी दार उघडून ठेवते. वर्तमानपत्रवाला तरी दिसतो. दुपारी मोठ्यानं बोलते, आवाज बसू नये म्हणून. लिही."

"एवढं लिहायला जागा नाही इथे. नुसती खूण करायची."

"मग खूण कर."

मुलीनं खूण केली. तिचा हात टेबलावरून बाईंच्या हाताकडे निघाला आणि मधेच थांबला. बाईंनीच तिला उठवलं. "जा बाई तू. नाहीतर भेट होईल."

पुढच्याच महिन्यात मास्तर धापा टाकत वर आले. "वाढवलं! वर्षभर वाढवलं! फरक दिसतोय म्हणे, नीट बघायचा म्हणतायत. गट मात्र तेच राहणार."

"छान झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच छान वाटलं.

"मेट्रनबाई, बसू का जरा? इतकी वर्षं झाली, तुमच्याकडे कधी बसलोच नाही. आता येत जाईन म्हणतो अधूनमधून."

बाई दारातच उभ्या होत्या. दारातून बाजूला व्हायचं, एवढंच तर करायचं होतं. पण मुलगी पुन्हा येणार होती आणि यापुढे तिला खोटं सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मास्तर येऊन बसू लागले तर 'नेहमी' म्हणता येणार नाही. 'क्वचित' म्हणावं लागेल. मग पुन्हा दोन्ही गट सारखे, आणि मास्तरांचा बुधवार बंद.

"नको मास्तर. कामं पडलीत."

"हो हो, राहिलं." मास्तर हसले. "तुम्हाला एकटंच बरं वाटतं, मला का ठाऊक नाही?"

ते जिना उतरू लागले. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. मास्तरांचे गुडघे दुखतात, एकेका पायरीवर ते थांबतात. हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर ते बराच वेळ होते.