आठचा सहा

मनकर्णाबाईचं तोंड फाटकं. चिखल्याच्या खाण कामगार वसाहतीत तिच्या नादी कोणी लागत नसे. १९८२ साली मी लागलो, कारण माझी अक्कल चरायला गेली होती.

बाजारात माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. लाल आकड्यांची घड्याळं तेव्हा जुनी होत चालली होती. काच एरवी काळी. बटण दाबलं की आकडे पेटत, सोडलं की विझत. मशीन मेलं तर नवं कुठून आणणार? एका मोडक्या घड्याळातलं काढायचं आणि दुसऱ्यात बसवायचं.

बाईचा मुलगा ताराचंद खाणीत होता. उन्हाळ्यात काविळीनं गेला. त्याचं घड्याळ तिनं माझ्यासमोर ठेवलं.

"सेल टाक फक्त. मशीनले हात लावू नोको, गुलाब."

हे वर! मला काम शिकवणारी ही कोण? मी घड्याळ उघडलं. मशीन ठणठणीत होतं. आकड्यांच्या काड्याही त्यातच असतात. तासाच्या आकड्यातली उजवीकडची वरची काडी तेवढी पेटत नव्हती, म्हणून आठ वाजले की सहा दिसत. माझ्या मनगटावर तसलंच घड्याळ होतं. त्याचे आकडे धड, पण मशीन पंधरा दिवसांत सेल पिऊन टाकायचं. मी तिचं मशीन माझ्या घड्याळात बसवलं आणि माझं तिच्या घड्याळात, आणि संध्याकाळी ते तिला दिलं. अडाणी बाई, तिला काय कळतंय? उलट आकडे चांगलेच मिळतायत, असं मी स्वतःला सांगितलं. चोराच्या मनाला कारण लवकर सापडतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतोय तोच ती हजर.

"हे माह्या पोराचं नोहे."

"त्याचंच आहे, मावशी. काडी दुरुस्त करून देली. वरून फुकट."

"तुले सांगतलं होतं का मी?"

"लोकं पाया पडतात अशा कामाले, अन तू भांडून राहिली!"

"काहून बदलावलं ते सांग."

"नाही बदलावलं. पोराची शपथ घेऊ का?"

"कोणाच्या पोराची?" ती म्हणाली.

कामावर निघालेले आठदहा जण डबे घेऊन उभे राहिले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मला इतका राग आला होता की घड्याळ तिच्या तोंडावर फेकावंसं वाटलं.

तेवढ्यात खाणीचा आठचा भोंगा झाला.

भोंगा झाला की बटण दाबून वेळ ताडून बघायची, ही माझी रोजची सवय. हात आपोआप गेला. काळ्या काचेत लाल सहा पेटला.

मनकर्णाबाईनं माझं मनगट धरलं. त्या हाडकुळ्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"काढ," ती म्हणाली.

मी मशीन काढलं, सगळ्यांसमोर. भिंगातून नीट दिसत नव्हतं. मागून खाणीतला घनश्याम म्हणाला, "मेलेल्याचं बी सोडत नाही हा." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तिचं मशीन तिच्या घड्याळात बसवून वेळ लावली. तिनं बटण दाबलं. सहा वाजून अकरा.

"आठ अकरा," तिनं वाचलं. मग माझ्याकडे बघून बोलली, "मले लिवता-वाचता येत नाही, आकडे तेवढे समजतात. हा सहा दिसला का मी ताराचंदच्या हाती डबा देत होती. रोज. तुह्या चांगल्या आकड्याचं मी काय करू?"

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "मग सेलचे पैसे?"

ती दुकानापुढे थुंकली आणि गेली. पैसे तिनं दिले नाहीत, मीही पुन्हा मागितले नाहीत.

अजूनही भोंगा झाला की मी हात टेबलाखाली घेतो. रस्त्यावरून कोणीतरी ओरडतंच, "गुलाब, सहा वाजले का बे?"