मी बाजूने दिसू लागले

मी एक जुनी सायकल आहे. मित्रांनो, माझ्या सीटचे कातडे आता फाटले आहे आणि ब्रेक लावला की मी बकरीसारखी ओरडते. तरीही दिवेलागणीला मी रस्त्यावर आले, की रत्नागिरीतली माणसे मला लांबून ओळखतात. ही ओळख मी कारखान्यातून घेऊन आले नव्हते. एका अपघातानंतर ती मला मिळाली, आणि तीच हकिकत मला तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म विलायतेतला. १९२४ साली लाकडी पेटीत बसून मी मुंबईला आले आणि तिथून आगबोटीने रत्नागिरीला. आगबोट खोल पाण्यातच उभी राही. माणसे आणि सामान पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, किनाऱ्यावर येत. पडावात माझी पेटी खाऱ्या पाण्याने भिजली. माझे पहिले मालक आप्पासाहेब शाळा तपासनीस होते. त्यांनी बंदरावरच पेटी उघडून मला गोड्या पाण्याने धुतले. मला तेव्हा फार बरे वाटले.

गावात तेव्हा सायकली अगदी थोड्या होत्या. आप्पासाहेब मला रोज पुसत, तेल देत. ते शाळेत पोचले, की मास्तर मंडळी त्यांच्याआधी माझे कौतुक करत. माझ्या पुढे रॉकेलचा दिवा होता आणि मागे तांबडी काच. समोरून येणाऱ्याला दिवा दिसे, मागून येणाऱ्याला काच. मी बाजूने कशी दिसते, हे मात्र कोणी कधी पाहिलेच नव्हते. मी काळी, सायंकाळही काळी. आडव्या वाटेने येणाऱ्याच्या दृष्टीने मी रस्त्यावर नव्हतेच.

१९२९ साली आप्पासाहेबांची बदली खानदेशात झाली. मला त्यांनी शेजाऱ्यांच्या पडवीत ठेवले. ‘नंतर नेतो’ म्हणाले, पण ते नंतर काही आले नाही. दोन पावसाळे मी तिथे उभी होते. साखळीला गंज चढला. माझ्या सीटवर कोंबड्या झोपत. एका कोंबडीने तर माझ्या पायाशी अंडी घातली. मला वाटे, आपले आयुष्य आता एवढेच.

मग एके दिवशी यमुनाबाई आल्या.

यमुनाबाई लहान वयात विधवा झाल्या होत्या. पुण्याला जाऊन त्या बाळंतपणे करण्याचे शिक्षण घेऊन आल्या होत्या. गावात त्यांना सगळे नर्सबाई म्हणत. अडलेल्या बाईकडे पायी पोचेपर्यंत उशीर होतो, याचे त्यांना फार वाईट वाटे. त्यांनी आप्पासाहेबांना पत्र घातले. उलट टपाली उत्तर आले: ‘सायकल तुमचीच समजा. माझ्या दोन्ही मुली तुमच्याच हातच्या आहेत.’

त्यांनी माझा गंज खोबरेल तेलाने आणि राखेने घासून काढला. मांडवीच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू टणक होते, तिथे त्या मला चालवायला शिकल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पदर खोचलेला. पहिल्या दिवशी आम्ही दोघी सात वेळा पडलो. बघायला गर्दी जमली होती.

“विधवा बाई, आणि घोड्यावर बसल्यासारखी बसते!” एक गृहस्थ म्हणाले.

“घोडा मिळाला असता तर तोच घेतला असता,” यमुनाबाई उठत म्हणाल्या. “सायकलला दाणा-चंदी लागत नाही, एवढंच.”

महिन्याभरात आम्ही गावभर फिरू लागलो. पुढच्या दोन वर्षांत मी किती घरांच्या अंगणांत उभी राहिले आणि किती बाळांचे पहिले रडणे ऐकले, त्याची गणती नाही.

१९३२ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. गावाजवळच्या मिऱ्याला भिवा खलाशी राहत असे. त्याने वीस वर्षे मुंबईच्या आगबोटींवर काम केले होते आणि आता तो घरी जाळी विणी. त्याची मुलगी राही बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. यमुनाबाईंनी माझा दिवा पेटवला, पिशवी अडकवली आणि आम्ही निघालो.

वाटेत एका ठिकाणी सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, उतरणारी वाट आमच्या रस्त्याला मिळते. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे उंच गडगे, कुंपणाच्या भिंतीच त्या. त्या वाटेने शिवा गाडीवान चिऱ्यांनी भरलेली बैलगाडी घेऊन उतरत होता. त्याचा कंदील गाडीच्या दांडीला होता. माझा दिवा पुढचा रस्ता उजळत होता. मला बैल दिसले, तेव्हा त्यांचा श्वास माझ्या अंगावर येत होता. गाडीचे जू माझ्या कुशीत बसले. पुढचे चाक कडकन वाकले आणि यमुनाबाई गडग्यावर आदळल्या.

शिवा उडी टाकून धावत आला. “अगो आई! नर्सबाय! मला दिसलीच नाय वो सायकल! द्येवाशपथ नाय दिसली!”

यमुनाबाईंच्या उजव्या खांद्याचे हाड मोडले होते. हात लोंबत होता. चेहरा पांढराफटक पडला होता.

“तुमाला दवाखान्यात न्हेतो,” शिवा रडकुंडीला येऊन म्हणाला.

“दवाखाना नंतर. आधी मिऱ्याला, भिवाच्या घरी. सायकल पण घे गाडीत.”

“बाय, तुमचा हात मोडलाय!”

“तोंड चालतंय ना माझं? मग गाडी हाक.”

शिवाने भराभर चिरे उतरवून आम्हांला जागा केली. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला यमुनाबाई ओठ चावत होत्या, पण त्यांनी एकदाही ‘थांब’ म्हटले नाही.

भिवाच्या घरी शिवाने मला कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवले. कुडापलीकडचे सारे मला ऐकू येत होते. भिवाची बायको धोंडूबाई मुलीपाशी बसली होती. यमुनाबाई खांबाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, “धोंडूबाई, आज हात तुमचे आणि अक्कल माझी. साबणाने हात धुवा. कोपरापर्यंत.”

“माजं हात कापतायत, बाय.”

“कापू देत. पण परत धुवा.”

किती वेळ गेला मला ठाऊक नाही. भिवा अंगणात येरझारा घालत होता. शिवा बैल सोडून तिथेच बसून राहिला होता. एकाएकी आत धोंडूबाई किंचाळल्या, “बाय! नाळ मानंला गुंडाळलीय!”

“ओढू नका!” यमुनाबाईंचा आवाज एकदम शांत झाला. “राही, जरा दम धर, जोर करू नको. धोंडूबाई, नाळेखाली बोट घाला. सैल होते का? हळू. जाळ्याचा गुंता सोडवता ना, तशी. आता डोक्यावरून काढा.”

मग राहीची एक मोठी कळ, आणि तिच्या मागोमाग बाळाचे खणखणीत रडणे. मुलगी झाली होती. भिवा धावत दाराशी गेला. शिवा मात्र तोंड झाकून हुंदके देऊ लागला. “मी आज तिघींना मारली असती,” तो पुनःपुन्हा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंचा हात दवाखान्यात बांधला गेला. मी भिवाच्या अंगणातच राहिले. शिवाने लोहाराकडे नेऊन माझे चाक सरळ करून आणले. भिवा मात्र माझ्याभोवती फिरत राहिला. मला पुढून बघे, मागून बघे, मग बाजूला उभा राहून मान हलवी. आठवड्याने यमुनाबाई राहीला बघायला आल्या, तेव्हा तो म्हणाला,

“बाय, ह्यो दिवा तुमच्या नाकावर हाय. कुशीला काय हाय? काय नाय! आगबोटीला डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. आडवी येनारी बोट पोटात घुसू नये म्हनून. तुमी रोज काळोखाच्या दर्यात जाताव, तुमाला नको?”

“मग लाव की दिवे,” यमुनाबाई हसून म्हणाल्या.

भिवाने खरोखरच माझ्या दोन्ही बाजूंना रॉकेलच्या दोन चिमण्या पेटवून बांधल्या. वाऱ्याने त्या विझल्या आणि रॉकेल माझ्या साखळीवर सांडले. मग त्याने खाडीतले चकचकीत शिंपले चाकांच्या तारांना बांधले. पहिल्याच खड्ड्यात ते फुटले. धोंडूबाई म्हणाल्या, “दर्यातलं दर्यात ऱ्हाऊ द्या. घरात रॉकेलचा डबा रिकामा पडलाय, तो कापा.”

भिवाने डब्याच्या पत्र्याचे आंब्याच्या कोयीएवढे तुकडे कापले. शिवाने त्यांना कल्हई करून आणली. जाळ्याच्या दोऱ्याने तुकडे तारांना घट्ट आवळले. होडीला लावायचा पांढरा रंग उरला होता, तो माझ्या दांड्यांवर चढला. संध्याकाळी शिवा त्याच वाटेवर कंदील घेऊन उभा राहिला आणि भिवा मला ढकलत रस्त्याने निघाला.

“दिसते काय?” भिवा ओरडला.

“पांढरा कायतरी दिसतंय. पत्रा एकदाच चमाकला नि गेला!”

भिवाने मला थांबवले. शिवाच्या कंदिलाकडे बघितले, पत्र्याकडे बघितले. सगळे तुकडे सपाट होते, सगळे एकाच दिशेला बघत होते. त्याने एकेक तुकडा बोटांनी थोडा मुरडला, कुणी वर, कुणी खाली, कुणी तिरका. पुन्हा मला ढकलले. चाके फिरली. शिवाच्या कंदिलाचा उजेड माझ्या पत्र्यांवर पडला आणि एकामागून एक ते लखलखू लागले. मित्रांनो, माझ्या चाकांत चांदण्यांची दोन चक्रे फिरत होती!

“दिसली!” शिवा गडग्यावर चढून ओरडला. “आख्खी सायकल दिसली वो!”

लोकांनी चेष्टा केली. कुणी मला ‘नवरीची गाडी’ म्हणाले, कुणी म्हणाले की नर्सबाईंनी सायकलला पैंजण घातले. यमुनाबाईंनी लक्ष दिले नाही. खांदा बरा झाल्यावर त्या पुन्हा माझ्यावर बसल्या. उजवा हात पूर्वीइतका वर जात नसे, पण मूठ घट्ट होती.

१९३४ च्या श्रावणात, पाऊस नुकताच उघडला होता. आम्ही अंधारात घरी परतत होतो. एका आडवाटेने मालाची मोटारलॉरी वेगाने आली. तिच्या दिव्यांचा झोत माझ्यावर पडला मात्र, करकचून ब्रेक लागले आणि लॉरी आमच्यापासून चार हातांवर थांबली. चालक खाली उतरला.

“बाई, चाकं चमकली म्हणून वाचलात. हे काय लावलंय?”

“रॉकेलचा डबा,” यमुनाबाई म्हणाल्या.

त्यानंतर कोणी हसले नाही. पोस्टमन भिवाकडे आला, मग पाववाला आला. भिवा प्रत्येकाच्या चाकाला पत्रे बांधून देई आणि वर बजावी, “बाजूवाल्याला बी डोळं असतात, पन त्याला कायतरी दिसायला नको?”

आता १९३९ साल चालू आहे. यमुनाबाई थकल्या, मीही थकले. आम्ही जवळच्याच घरी जातो. परवा संध्याकाळी त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि मी शेजारी उभी होते. एक अनोळखी तरुण सायकलवरून पत्ता विचारायला थांबला. त्याच्या चाकांत तसेच मुरडलेले पत्रे होते.

“हे कुणी लावून दिलं तुला?” यमुनाबाईंनी विचारले.

“कुणी म्हणजे? आमच्या हर्णै बंदरात सगळेच लावतात. जुनी पद्धत आहे.”

यमुनाबाई एवढ्या हसल्या, की तो बिचारा गोंधळला. त्यांनी पत्ता सांगितला आणि तो निघणार तेवढ्यात म्हणाल्या, “थांब जरा.” त्या सावकाश खाली उतरल्या आणि त्याच्या चाकांतला एकेक पत्रा पदराच्या टोकाने पुसू लागल्या. “धूळ बसली, की हे असून नसल्यासारखे. रोज पुसत जा हो.”

मित्रांनो, तुम्हांलाही माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या सायकलचा दिवा पेटवा, तसेच तिच्या कुशीकडेही बघा, आणि निघण्याआधी एकदा फडके फिरवा. कोणीतरी आडव्या वाटेने येत असते. त्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला फक्त तुम्ही दिसायला हवे असता.

त्या संध्याकाळी तो तरुण ओट्यासमोरच्या रस्त्याने आडवा निघाला. आमच्या बाजूने कुणीतरी कंदील घेऊन येत होते आणि त्या उजेडात त्याची चाके लखलखत होती. वळण येईपर्यंत तो मला बाजूने दिसत राहिला.