किरकोळ

चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी अंदाजपत्रकाच्या सातव्या ओळीखाली नखानं रेघ ओढली आणि त्या उभ्या राहिल्या.

"खजिनदारसाहेब, 'किरकोळ' म्हणजे नेमकं काय?"

शाळेच्या सभागृहात पालक आणि शिक्षक दाटीवाटीनं बसले होते. शिक्षकांच्या पगारवाढीची बोलणी आजवर बंद दाराआड व्हायची. ती सगळ्यांसमोर व्हावीत, शाळेच्या खर्चाचा कागद प्रत्येकाच्या हातात पडावा, म्हणून बाई वर्षभर हात धुऊन समितीच्या मागे लागल्या होत्या. शिक्षकांनी प्रतिनिधी म्हणून त्यांनाच पुढे केलं होतं. आज समितीनं वाढीबद्दल नन्नाचा पाढा लावला होता आणि किरकोळ खर्चाचा आकडा मात्र चांगला गलेलठ्ठ होता.

व्यासपीठावरचे खजिनदार म्हणजे बाईंचे सख्खे दीर. एकाच घरात राहणारे, एकाच टेबलावर जेवणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"किरकोळ म्हणजे किरकोळ. खडू, झाडू, दिवे."

"एवढ्याचे खडू? खडूंची नवी इमारत बांधताय की काय?"

हशा पिकला. दीर हसले नाहीत. त्यांनी वहिनींकडे बघून नकारार्थी मान जराशी हलवली. सकाळी घरातून निघतानाही ते म्हणाले होते, "वहिनी, सातवी ओळ सोडून काय वाटेल ते विचारा." तेव्हाच बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. घरचा माणूस म्हणून गप्प बसायचं, तर मग हा खटाटोप कशासाठी केला? त्यांना दिरांची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता.

"वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "सगळं."

दिरांनी वही उघडली. खडू वाचले, झाडू वाचले, नळदुरुस्ती वाचली. मग आवाज खाली गेला.

"चित्रकला शिक्षिका. बारा महिने."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. अकरा वर्षं भाऊजी दर महिन्याला त्यांच्या पगाराची पावती सहीसाठी घरीच आणत होते. बाकीचे शिक्षक कार्यालयात रांग लावून सह्या करतात, आपली घरबसल्या सोय होते, एवढंच त्यांना वाटत आलं होतं.

"हे पद मंजूरच नाही," समितीचे अध्यक्ष सावकाश म्हणाले.

"कधीच नव्हतं," दीर म्हणाले. "मागितलं असतं तर तुम्ही दिलं नसतं. म्हणून दरवर्षी यातच बसवत आलो."

अध्यक्षांनी कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी आकडेमोड केली.

"ही रक्कम काढली, तर बाकी सगळ्यांची वाढ बसते. बरोब्बर बसते." त्यांनी शिक्षकांच्या रांगांकडे पाहिलं. "तुम्हीच ठरवा. मान्य असेल त्यांनी हात वर करा. इथेच, सगळ्यांसमोर."

बाईंच्या शेजारचे गणिताचे सर आपल्या बुटांकडे बघू लागले. मागच्या रांगेत एक हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच घुटमळला. मग आणखी एक.

मोजायचं काम प्रतिनिधीचं होतं. बाई रांगांकडे वळल्या. आवाज निघाला तो वर्गातलाच.

"नीट वर करा. अर्धवट हात मला मोजता येत नाहीत."