टिपा शेवटी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर मेलेल्या शास्त्रज्ञांची बाजू घेतली. जिवंत माणसाची घ्यायची वेळ एकदाच आली, आणि ते माणूस आमची एकुलती एक लेक होती.

हे विज्ञानाच्या इतिहासावर शाळांसाठी पुस्तकं काढतात. जुन्या प्रयोगांची मूळ वर्णनं, सोप्या भाषेत, आणि सोबत शिक्षकांसाठी पातळशी मार्गदर्शिका. मूळ मजकुराच्या पानावर संपादकाचं एक अक्षर पडू द्यायचं नाही, हा ह्यांचा हट्ट. सांगायचं ते पुस्तकाच्या शेवटी, टिपांमध्ये. मार्गदर्शिकेतही बजावलेलं: मुलांनी आधी मूळ वाचावं, करून पाहावं, डोकं चालवावं, टिपा शेवटी उघडाव्यात, नाहीतर शोधाची मजाच जाते. हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागायचं. मला तर त्याचा वीट आला होता.

लेक शाळेत इतिहास शिकवायची. विज्ञानाच्या शिक्षकांना वेळ नव्हता, म्हणून विज्ञानाच्या इतिहासाचा हा नवा विषय तिच्या गळ्यात पडला. तिला आनंदच झाला. लहानपणापासून बापाच्या पुस्तकांची छपाईआधीची मुद्रितं वाचत आलेली पोर, तिला वाटलं आता घरचंच काम शाळेत करायचं.

ह्यांच्या पुस्तकातला तो प्रयोग धातू तापवण्याचा होता. काचेच्या चंबूत धातूचे तुकडे घालायचे, तोंड पक्कं बंद करायचं, तापवायचं, आणि वजन वाढलं का ते बघायचं. शाळेत पुस्तकाची एकच प्रत, म्हणून तिने त्या पानाच्या झेरॉक्स काढून वाटल्या. ह्या पुस्तकाच्या टिपा तिने मुद्रितातही वाचल्या नव्हत्या, त्या पुढच्या तासाला मुलांसोबतच उघडणार होती. टिपेत लिहिलं होतं, हा प्रयोग फक्त वाचण्यासाठी आहे, बंद चंबू तापवला तर फुटतो. वर्गात तिने तो तापवला, आणि तो फुटला. पहिल्या बाकावरच्या मुलीचे दोन्ही डोळे गेले.

त्या पोरीच्या आईसमोर मी एकदा जाऊन उभी राहिले. तिने मला बसायला खुर्ची दिली. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

शाळेने चौकशी लावली. लेकीची नोकरी जाणार हे दिसतच होतं. पुन्हा कुठल्या वर्गात पाऊल टाकता येईल की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. मार्गदर्शिका वेगळी छापलेली, ती चौकशीवाल्यांनी मागितलीच नव्हती, त्यातलं ते वाक्य त्यांना ठाऊकच नव्हतं. "बाबा सांगतील," लेक म्हणत राहिली. चौकशीच्या दिवशी सकाळी हे स्वतःहून म्हणाले, "मी सांगतो. तसं मीच लिहिलंय." त्या दिवशी किती दिवसांनी तिने पोटभर खाल्लं.

चौकशी शिक्षकांच्या खोलीत झाली. लेकीसोबत मला बसू दिलं. समोर निवृत्त मुख्याध्यापिका, तिच्या बाजूला दोन सदस्य, आणि ह्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून त्यांच्या पुस्तकांचा प्रकाशक. पुस्तकात धोक्याची सूचना होती का, असं बाईंनी विचारलं. ह्यांनी पुस्तक उघडलं आणि ती टीप वाचून दाखवली, सावकाश, स्पष्ट. आणखी काही सांगायचंय का, बाईंनी विचारलं.

"नाही. एवढंच."

प्रकाशकाने पाय सैल सोडले.

मग बाई लेकीकडे वळल्या. "टिपा नंतर वाचायच्या, ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?"

लेकीने बापाकडे पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं, वाट बघत. हे टेबलाकडे बघत होते. मी तोंड उघडणार तोच तिने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला.

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझीच पद्धत आहे."

तिला कुठल्याही शाळेत शिकवायला कायमची बंदी झाली. पुस्तकावर ठपका आला नाही. घरी येताना हे म्हणाले, मालिका बंद पडली असती तर तीस वर्षांच्या कामावर पाणी फिरलं असतं. मला तेव्हा त्यांच्या चपलांच्या आवाजाचीसुद्धा घृणा येत होती.

दोन महिन्यांनी नवी आवृत्ती निघायची होती. ह्यांनी मुद्रितं लेकीपुढे ठेवली, नेहमीसारखी. तिने वाचायला घेतली. त्या प्रयोगाच्या पानावर, मूळ मजकुराच्या डोक्यावर, जाड चौकटीत सूचना छापली होती: बंद चंबू तापवू नये. मार्गदर्शिकेतलं ते वाक्यही बदललं होतं. टिपा आधी वाचाव्यात, असं आता तिथे होतं.

तिने दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. एका ठिकाणी स्वल्पविराम दिला.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं, बाबा," ती म्हणाली.

हे चष्मा पुसायला लागले. तिने मुद्रितं नीट जुळवून त्यांच्या हातात दिली आणि डोळे गेलेल्या त्या मुलीला वाचून दाखवायची तिची रोजची वेळ झाली होती म्हणून चपला घालून निघून गेली.