चौसष्टाव्या मण्यावर

आमच्या शाळेत सुईणकाम शिकवतात. मी तिथे ऑफिसात टायपिंग करते, आणि माझी थोरली जाऊ सत्तावीस वर्षं तिथे शिकवते आहे. घरी एकाच ओट्याशी आणि शाळेत एकाच मजल्यावर, असा आमचा दोघींचा दिवस. मी त्यांना ताई म्हणते. ताई वर्गात बोलू लागल्या की वरच्या मजल्यावरच्या मुलीही वह्या उघडतात. मी बोलले की समोरचा माणूस कान पुढे करतो. शाळेत मला हळूबाई म्हणतात, त्याचं मला वाईट वाटत नाही.

ताईंनी पुस्तक लिहिलं होतं. लिहिलं म्हणजे त्यांनी येरझारा घालत सांगितलं आणि मी टाईप केलं. तीन वर्षं, चौदा प्रकरणं. शाळेत लावलेलं जुनं पुस्तक इतकं जड की मुली ते धडाधड पाठ म्हणायच्या आणि खरोखरची बाई कळा देत समोर आली की पुतळ्यासारख्या उभ्या राहायच्या. ताईंचं पुस्तक म्हणजे खाटेशी उभं राहून कुणी हळूच सांगावं तसं. पहिल्या प्रकरणाची सुरुवातच अशी: 'घाई करू नका. थांबलं असेल तर का थांबलं, ते आधी बघा.'

त्या गुरुवारी दुपारी तीनच्या आत फाईली छापखान्यात द्यायच्या होत्या. तीननंतर तिथलं यंत्र दुसऱ्या कामाला लागणार होतं आणि नव्या तुकडीच्या हातात पुन्हा जुनंच पुस्तक पडणार होतं. ताई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागे हे पुस्तक लावून धरणारं कुणी नव्हतं.

आणि सकाळी अकरा वाजता चौदातलं एकही प्रकरण उघडेना.

क्लिक केलं की वर्डची खिडकी यायची, पांढरीफटक पडायची, वरच्या पट्टीत 'प्रतिसाद देत नाही' असं उमटायचं आणि छोटं चक्र गरगरत राहायचं. शेजारच्या कॉम्प्युटरवर नेऊन पाहिलं, तिथेही तेच. मी स्वतः टाईप केलेली साधी पत्रं मात्र पटकन उघडत होती.

दुरुस्तीवाले आले. तीन प्रकरणं उघडायचा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी दीडदोन मिनिटं थांबून खिडकी बंद केली आणि खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, फाईली गेल्या."

"गेल्या म्हणजे कुठे गेल्या?" ताई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर तर आहेत!"

"दिसतात, पण आतून खराब झाल्यात. नव्यानं टाईप करावं लागेल."

"दोनशे चाळीस पानं? तीन वाजेपर्यंत? तुम्ही बसता का माझ्या बाळंतिणी सांभाळत, मी टाईप करते!"

ते चहा प्यायला खाली गेले. ताई खिडकीपाशी गेल्या. त्यांच्या पिशवीत जुनी छापील प्रत होती, पण तिच्यावर लाल शाईनं इतक्या दुरुस्त्या होत्या की मूळ अक्षर शोधावं लागे. ती काढून त्या पानं उलटू लागल्या.

मी पुन्हा एकदा पहिल्या प्रकरणावर क्लिक केलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले.

बाराला माझा नेम असतो. जिथे असेन तिथे बसून एक माळ जपायची. एकशे आठ मणी पुरे होईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, हात दुसऱ्या कशाला लावायचा नाही. लग्नाच्याही आधीपासूनचा नेम आहे, आजवर मोडलेला नाही. मी पिशवीतून माळ काढली आणि डोळे मिटले. मन देवापाशी कमी आणि चौदा प्रकरणांपाशी जास्त होतं, हे कबूल करते.

माळ संपली. डोळे उघडले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'घाई करू नका.'

"ताई," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी उठून त्यांचा पदर ओढला.

ताईंनी पडदा पाहिला, मला पाहिलं, माझ्या हातातली माळ पाहिली. "अगं, देव पावला तुला!"

"ताई, देवाला एवढ्याशा फाईलीसाठी कशाला बोलवायचं? मी हात लावला नाही, म्हणून उघडली असेल."

तेवढ्यात दुरुस्तीवाले वर आले. खात्री करायला म्हणून त्यांनी ती फाईल बंद केली, पुन्हा उघडली. पांढरी खिडकी, चक्र. दोन मिनिटांनी त्यांनी खिडकी मारून टाकली. "बघा. एखादवेळी उघडते नशिबानं."

"अहो, उघडली होती ना!" ताई कडाडल्या. "बंद कुणी करायला सांगितली होती?"

मी दोघांच्या मधून हात घालून माऊस घेतला. दुसरं प्रकरण उघडायला टाकलं, आणि मनात देवाची परवानगी मागून माळ मोजण्यासाठी हातात धरली. माझी माळ सारख्या लयीत चालते, अकरा मिनिटांत पुरी होते. दुरुस्तीवाल्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. चौसष्टाव्या मण्यावर प्रकरण उघडलं.

तिसरं प्रकरण टाकलं. एकदा दुरुस्तीवाल्यांचा हात माऊसकडे गेला, तो ताईंनी पट्टी मारावी तसा बाजूला केला. पुन्हा चौसष्टाव्याच मण्यावर.

"खराब झालेल्या फाईली इतक्या शिस्तीत उघडतील का?" मी म्हणाले.

दुरुस्तीवाल्यांनी कान पुढे केला. मी पुन्हा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे ही बिघडलेली नाही. कुणाची तरी वाट बघते आहे. ठरलेला वेळ बघते, कुणी आलं नाही की मग आपली आपण उघडते."

"कुणाची वाट?"

ते मलाही माहीत नव्हतं. चौथं प्रकरण टाकलं आणि या वेळी चक्राकडे न बघता खिडकीच्या तळाशी बघत राहिले. अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली आणि खिडकी पांढरी पडताना पुसट झाली. 'टेबल क्रमांक एक'शी संपर्क होत आहे.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. टेबल क्रमांक एक म्हणजे हेडक्लार्ककाकांचा कॉम्प्युटर.

काका गेल्याच शनिवारी निवृत्त झाले. अडतीस वर्षं एकच खुर्ची, एकच टेबल. त्यांच्या मानासाठी आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की त्यांच्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. ते बंद केलं, धुतलेल्या चादरीत गुंडाळलं आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. चादर माझ्याच घरची होती.

मी काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काय? माझ्याशिवाय फाईली उघडत नाहीत?" काकांचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "मी म्हणत नव्हतो?"

"काका, पुढचं सांगा," ताई म्हणाल्या. "मिरवा नंतर."

काकांनी सांगितलं. शाळेतून बाहेर जाणारं प्रत्येक महत्त्वाचं लिखाण ते स्वतःच्या मशीनवरच्या एका साच्यावर बसवत. मथळे केवढे, समास किती, सगळं त्या साच्यात. साचा बाहेर कुणाला दिला तर बिघडवतील, म्हणून तो तिथेच ठेवलेला. फाईल कुठेही उघडा, आधी ती त्या साच्याला भेटायला जाणार. ताईंची चौदाही प्रकरणं त्यांनीच प्रेमानं बसवून दिली होती.

"मग मशीन चालू करा की!" काका म्हणाले.

"कपाटाची किल्ली मोठ्या बाईंकडे आहे, आणि त्या बाहेरगावी," ताई म्हणाल्या. "बरं, कुलूप तोडलं तर पासवर्ड काय तुमचा?"

"पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो," काका म्हणाले. "नियम मीच केलाय."

ताईंनी फोनकडे असं पाहिलं की काका समोर असते तर त्यांनी तो नियम तिथल्या तिथे रद्द केला असता. पण वाद घालायला वेळ नव्हता, एक वाजायला आला होता. एकेका प्रकरणाला चौसष्ट मणी थांबायचं, मग ते काकांच्या साच्यातून सोडवायचं, आणि वाटेत कुठे अडलं तर पुन्हा पहिल्यापासून. तीन वाजता यंत्र हातचं गेलं असतं.

मी विचार केला. दारात वाट बघणारा माणूस रस्त्याकडे डोळे लावून बसतो, कारण रस्ता दिसतो आहे. रस्ताच नसेल तर?

"दादा," मी दुरुस्तीवाल्यांना म्हटलं, "ही फाईल ज्या वाटेनं काकांच्या मशीनला शोधायला जाते, ती वाटच बंद केली तर?"

या वेळी त्यांना पहिल्याच झटक्यात ऐकू गेलं. ते खुर्चीतून उठले. "नेटवर्कची वायर! मॅडम, वायर काढली तर शोधायला जाणारच नाही. लगेच नाही म्हणेल आणि पुढे जाईल." मग जरा थांबून म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं."

"सुचलं असतं," ताई म्हणाल्या, "जरा माळ ओढली असती तर." त्या टेबलाखाली वाकल्या, निळी वायर दोन बोटांत धरली. "ही ना? सरका. नाळ मी कापते, माझं रोजचं काम आहे."

वायर निघाली. मी पाचवं प्रकरण क्लिक केलं. बोट उचललं तेव्हा ते उघडलेलं होतं.

ताई अशा ओरडल्या की वरच्या मजल्यावरून तीन मुली धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणी बाळंत झालं.

मग हात चालू लागले. दुरुस्तीवाल्यांनी साच्याचा पत्ता कुठे लिहिलेला असतो ते दाखवलं. तो पुसायचा, वर्डचा साधा साचा द्यायचा, जतन करायचं, बंद करायचं. मथळे, समास सगळे जागच्या जागी राहिले, काकांनी इतकं नीट बसवलं होतं. ताई मागे उभं राहून प्रकरणाचा आकडा मोठ्यानं म्हणायच्या, एक, दोन, तीन. अकराव्याला मुलींनीही सूर धरला. चौदावं जतन झालं तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

सगळं पेन ड्राईव्हवर घेतलं. ताईंनी तो मुठीत धरला आणि आम्ही निघालो. छापखाना दोन गल्ल्या पलीकडे. ताई रस्ताभर मूठ उघडेनात.

"उघडेल ना गं तिथे?"

"उघडेल."

"काय?"

"उघडेल!" मी म्हणाले, आणि समोरून येणारे दोघंजण वळून बघायला लागले.

छापखान्यात शाईचा वास होता. पडद्याशी बसलेल्या बाईंनी पेन ड्राईव्ह लावला आणि पहिल्या प्रकरणावर बाण नेला. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. माझा हात सवयीनं पिशवीत गेला, अंगठा पहिल्या मण्यावर टेकला.

बाईंनी क्लिक केलं.

पहिला मणी सरकायच्या आत पान समोर होतं. त्या बाईंनी पहिली ओळ वाचली, मग दुसरी, मग खुर्ची पुढे ओढून वाचतच राहिल्या.

"माझ्या सुनेला आठवा लागलाय," त्या म्हणाल्या. "एक प्रत मला ठेवाल का?"

ताईंनी माझं मनगट सोडलं. "दोन ठेवते," त्या म्हणाल्या. "पण वाचायची घाई करू नका."